ओहायोत रिव्हॉल्व्हरने हरणाची शिकार: व्हिसापासून घरी भरलेल्या काडतुसांपर्यंत

आमच्या गावी, सांगली जिल्ह्यात, आजोबांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. रानडुकरं उसात शिरली की ती माळ्यावरून खाली यायची आणि बहुतेक वेळा नुसता आवाज करून परत वर जायची. माझा बंदुकीशी संबंध एवढाच. पुढे नोकरीनिमित्त ओहायोत आलो, शेजारी एक निवृत्त शेतकरी राहायला होता, आणि त्याच्या कमरेला सोयाबीनच्या बांधावर उभं असताना जे दीड किलोचं रिव्हॉल्व्हर लटकलेलं असायचं त्याने माझी पुढची आठ वर्षं खाल्ली.

इतक्या वर्षांत अनेक मराठी मंडळींनी तेच तेच प्रश्न विचारले, म्हणून हे एकदाच सविस्तर लिहितो. सगळं ओहायोपुरतं आहे. तुम्ही टेक्सास किंवा पेनसिल्व्हेनियात असाल तर केंद्राचे नियम सारखेच, पण शिकारीचे नियम तुमच्या राज्याचे बघा. आणि ओहायोतही दर वर्षीचं नवं नियमपुस्तक उघडून बघायचंच. माझ्या लेखावर विसंबून जंगलात जाऊ नका.

१. बंदुकीच्या आधी व्हिसा बघा

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून सुरुवात इथून.

ग्रीन कार्ड असेल तर प्रश्न नाही. खरेदीच्या बाबतीत तुम्ही जवळपास नागरिकासारखेच. पण एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा व्हिसावर असाल तर केंद्राच्या कायद्याने तुम्हाला बंदूक आणि काडतूस दोन्ही जवळ बाळगायला मनाई आहे. विकत घेणं सोडाच, रेंजवर मित्राची हातात घेतली तरी ती 'बाळगणं' ठरू शकते. याला एक मोठा अपवाद आहे: तुमच्याकडे अमेरिकेत दिलेला वैध शिकारीचा परवाना असेल तर ही मनाई लागू होत नाही. म्हणजे आपल्यासारख्यांसाठी क्रम उलटा आहे. लोक आधी बंदूक घेतात आणि मग शिकारीचा परवाना काढतात. आपण आधी परवाना काढायचा.

यात तीन सापळे आहेत.

पहिला: परवान्याला मुदत असते. तो संपला आणि नवा काढायचा राहिला, तर कपाटातली बंदूक त्या दिवसापासून बेकायदा. मी एच-१बीवर होतो तेव्हा फोनमध्ये गजर लावून ठेवला होता आणि संपायच्या आधीच नवा परवाना घ्यायचो.

दुसरा: "तू ग्रीन कार्डवाला आहेस, माझ्यासाठी घेऊन ठेव ना, पैसे मी देतो." नाही. दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावाने बंदूक घेणं हा केंद्रीय गुन्हा आहे. मैत्रीखातर करू नका, भावासाठीही करू नका.

तिसरा: गांजा. ओहायोत २०२३ च्या डिसेंबरपासून प्रौढांना तो कायदेशीर आहे, पण केंद्राच्या कायद्यात नाही, आणि खरेदीच्या फॉर्मवर त्याबद्दल थेट प्रश्न असतो. तिथे खोटं उत्तर देणं हा वेगळा गुन्हा, आणि खरं उत्तर इमिग्रेशनला महागात पडू शकतं.

घरात नवरा किंवा बायको एच-४ वर असेल आणि तिच्याकडे किंवा त्याच्याकडे शिकारीचा परवाना नसेल, तर तिजोरीची किल्ली कोणाकडे राहणार हा प्रश्नही वकिलाला विचारून घ्या. तासाभराची फी जाईल. जाऊ द्या.

२. हंटर एज्युकेशन आणि परवाना

ओहायोत पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. बराचसा भाग ऑनलाइन होतो. कोर्स न करता 'अप्रेंटिस' परवाना काढून अनुभवी शिकाऱ्याच्या सोबतीनेही जाता येतं, पण मी म्हणेन कोर्सच करा. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी बंदूक पाहिलेलीच नसते. कुंपण ओलांडताना ती कशी धरायची, हरणाच्या मागे काय आहे हे आधी का बघायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं.

राज्याचा रहिवासी म्हणून स्वस्त दर हवा तर सहा महिने ओहायोत राहिलेलं असावं लागतं. आणि नुसत्या परवान्यावर हरीण मारता येत नाही. त्यासाठी डिअर परमिट वेगळं. पहिल्या वर्षी मी हे विसरलो होतो. सुदैवाने दुकानातल्या बाईच्या लक्षात आलं.

३. कुठलं रिव्हॉल्व्हर

ओहायोत हे वेड का टिकलं, त्याला कारण आहे. शेताडीचा सपाट मुलुख, मैलभर जाणाऱ्या रायफलच्या गोळीची भीती, म्हणून इथे वर्षानुवर्षं हरणासाठी शॉटगनचा स्लग (एकच जाड गोळी), मझललोडर (ठासणीची बंदूक) आणि हँडगन एवढंच चालायचं. सरळ पुंगळीच्या (पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी कवच) काडतुसांच्या रायफलींना २०१४ मध्ये परवानगी मिळाली. हँडगनसाठी नियम असा: नळी किमान ५ इंच, पुंगळी सरळ, आणि गोळी .३५७ इंच किंवा त्याहून जाड.

त्यात बसणारी मोठी नावं:

- .४४ मॅग्नम: आयडाहोचा एल्मर कीथ हा पशुपालक .४४ स्पेशल या जुन्या, सौम्य काडतुसात घरीच तगडी काडतुसं भरायचा आणि कंपन्यांच्या मागे लागायचा, की असं काहीतरी बाजारात आणा. शेवटी १९५५-५६ च्या सुमाराला रेमिंग्टन आणि स्मिथ अँड वेसनने ते आणलं. म्हणजे हे काडतूस मुळात घरी भरणाऱ्यांचंच अपत्य.
- .४५ कोल्ट: १८७३ चं, म्हातारं, पण मजबूत रिव्हॉल्व्हरमध्ये भरलं तर अजून दमदार.
- .४५४ कसूल, .४८० रूगर, .४६० आणि .५०० स्मिथ अँड वेसन: ही पुढची इयत्ता.

पहिलं रिव्हॉल्व्हर .४४ मॅग्नम घ्या. .५०० घेऊ नका. दर वर्षी कुणीतरी व्हिडिओ बघून .५०० घेतो, पाच गोळ्या झाडतो, आणि सहा महिन्यांनी ते दुकानात अर्धवट काडतुसांच्या डब्यासकट विकायला ठेवलेलं दिसतं. .४४ ओहायोच्या हरणाला पुरून उरतं.

सिंगल अॅक्शन की डबल? सिंगलमध्ये प्रत्येक बाराआधी घोडा अंगठ्याने चढवायचा, डबलमध्ये चाप ओढला की तो आपोआप चढतो. रूगर सुपर ब्लॅकहॉकसारख्या सिंगल अॅक्शनची मूठ नांगराच्या रुमण्यासारखी असते. झटका बसला की ती हातात वर फिरते आणि धक्क्याचा बराच भाग तिथेच जिरतो. मात्र त्याच्या चौकोनी ट्रिगर गार्डने माझं मधलं बोट दोन वेळा सोलून काढलंय. सुपर रेडहॉक डबल अॅक्शन आहे, साडेसात इंची नळीसह भरतं दीड किलो. वजन म्हणजे शत्रू वाटतं, पण झटका तेच खातं. मी शेवटी तेच घेतलं, वर रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारं यंत्र) बसवला.

जुनं रिव्हॉल्व्हर स्वस्तात मिळत असेल तर एक बघा: रूगरच्या १९७३ आधीच्या सिंगल अॅक्शनमध्ये ट्रान्सफर बार, म्हणजे चाप ओढल्याशिवाय बार होऊ न देणारी पट्टी, नसते. कंपनीने बदल करून दिलेला नसेल तर त्यात पाचच काडतुसं भरायची आणि घोडा सिलेंडरच्या (काडतुसांच्या फिरत्या चकरीच्या) रिकाम्या घरावर ठेवायचा. घोड्यावर आपटलं तर सहावं उडू शकतं.

४. दुकानातला दिवस

हँडगन दुकानातून घ्यायला वय २१ पूर्ण हवं, आणि ती स्वतःच्या राज्यातच घेता येते. खरेदीचा केंद्राचा फॉर्म ४४७३ भरायचा, दुकानदार पार्श्वभूमी तपासतो, उत्तर येतं: पुढे जा, थांबा, किंवा नाही. माझ्यावर 'थांबा' आलं. आपल्या नावांवर येतंच बऱ्याचदा. घाबरू नका, वादही घालू नका.

सोबत काय न्यायचं:

- ड्रायव्हिंग लायसन्स, आत्ताच्या पत्त्याचं. घर बदललं आणि लायसन्सवर जुना पत्ता असेल तर परत पाठवतात. अशा वेळी नव्या पत्त्याचं गाडीचं रजिस्ट्रेशन सोबत असू द्या
- ग्रीन कार्ड. किंवा व्हिसावर असाल तर पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) ची प्रत
- व्हिसावाल्यांसाठी: वैध शिकारीचा परवाना, छापील
- नाव सगळीकडे एकसारखं. 'वडिलांचं नाव मधे' हा आपला घोळ इथे नडतो. पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहा

५. आधी हलकी, आणि कान झाकून

मोठ्या रिव्हॉल्व्हरचा माणसाला पहिला त्रास झटक्याचा होत नाही, आवाजाचा होतो. १४० डेसिबलला कानाची कायमची हानी होऊ शकते, आणि मॅग्नम रिव्हॉल्व्हर १६० च्या घरात बोलतं. आत इअरप्लग, वर इअरमफ. जंगलातही: इलेक्ट्रॉनिक मफ घ्या, पाचोळ्यातलं पाऊल ऐकू येतं आणि बार झाला की बंद होतात. "एकच तर बार" म्हणून उघड्या कानाने झाडणारे जुने शिकारी आता बायकोचं ऐकत नाहीत, ते मुद्दाम नव्हे.

दुसरी गोष्ट बोटांची. सिलेंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून जळता वायू दोन्ही बाजूंना सुऱ्यासारखा सुटतो. डावा हात सिलेंडरच्या पुढे कधीही जाता कामा नये. रायफल धरायची सवय असलेले लोक इथेच अंगठा भाजून घेतात, जाड गोळीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये त्याहून वाईट होतं.

आणि सुरुवात हलक्या काडतुसांनी. .४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .४४ स्पेशल चालतं. दाबाची मर्यादा स्पेशलची १५,५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), मॅग्नमची ३६,०००. म्हणजे फरक किती आहे बघा. पहिल्या दिवशी पूर्ण ताकदीची काडतुसं झाडलीत तर तुम्ही दचकायला शिकाल. चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला आणि मनगट खाली झुकायला लागतं, आणि ती खोड काढायला वर्ष जातं. माझं गेलं. उपाय साधा आहे: साथीदाराला सिलेंडर भरायला सांगा, मधे एक-दोन रिकामी घरं ठेवायला सांगा. रिकाम्या घरावर घोडा पडला आणि नळी खाली डुचमळली, की तुमचा रोग कळला.

कोलंबसच्या आसपास असाल तर डेलावेअर वाइल्डलाइफ एरियाची सरकारी रेंज बरी आहे. रेंजचं परमिट आधी काढून ठेवा.

६. काडतुसं घरी भरणं

लोकांना वाटतं घरी भरायचं ते ताकद वाढवायला. उलट आहे. ताकदीची काडतुसं दुकानात हवी तेवढी मिळतात; मिळत नाहीत ती मधली. .४४ स्पेशलपेक्षा जरा जास्त, पूर्ण मॅग्नमपेक्षा बरीच कमी, अशी, जी दुपारभर शंभर झाडली तरी मनगट दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलतं. मी नव्वद टक्के भरतो ती हीच. स्वतःच्या वापरासाठी भरायला केंद्राचा परवाना लागत नाही. विकायला लागतो, मित्राला 'खर्चापुरते' पैसे घेऊन देणं हेही विकणंच.

आपण मराठीत सगळ्यालाच गोळी म्हणतो. इथे चार वस्तू वेगळ्या आहेत: पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसणारी टोपी म्हणजे प्रायमर, आतली दारू, आणि तोंडाशी बसणारी गोळी. चौघांचं मिळून काडतूस. पुंगळी परत परत वापरता येते. बाकी तिघांचा एका बारात कारभार आटोपतो.

लागणारं सामान:

- सिंगल स्टेज प्रेस, म्हणजे एका दांड्यात एकच काम करणारं दाबयंत्र. आरसीबीएस, ली, हॉर्नडी, कुठलाही. सुरुवातीला प्रोग्रेसिव्ह मशीन घेऊ नका, एका दांड्यात पाच कामं होतात आणि चूक दिसत नाही
- .४४ च्या कार्बाइड डाय, म्हणजे प्रेसमध्ये बसणारे कठीण धातूचे साचे. कार्बाइड असेल तर पुंगळीला तेल चोळावं लागत नाही
- दारू मोजायचा तराजू, आणि त्याची तपासणी करायला वजनं
- कॅलिपर, काडतुसाची लांबी मोजायला
- पुंगळ्या उभ्या ठेवायचा ५० खाचांचा लोडिंग ब्लॉक
- फसलेली गोळी काढायचा हातोडीसारखा पुलर. लागतोच
- चालू आवृत्तीची छापील मॅन्युअलं, किमान दोन. लायमन आणि हॉर्नडी माझ्याकडे आहेत
- चष्मा

दारू किती, हे मी इथे लिहिणार नाही आणि दुसऱ्या कुणी सांगितलेलंही घेऊ नका. गोळीचं वजन, तिचा प्रकार, प्रायमर, पुंगळी हे सगळं मॅन्युअलमधल्या ओळीशी जुळवायचं आणि सुरुवातीच्या आकड्यापासून वर चढायचं. मोजमाप ग्रेनमध्ये असतं. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम; सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याच्या आसपास. आता कळेल की स्वयंपाकघरातला काटा इथे का चालत नाही.

क्रम असा:

पुंगळ्या बघणं. कोरड्या घुसळणाऱ्या टंबलरमध्ये साफ करा, मग एकेक फिरवून बघा. तोंडाला चीर असेल तर चिमट्याने चेपून टाकून द्या, नाहीतर ती परत डब्यात येते. टंबलरची धूळ शिशाची असते. गॅरेजमध्ये, मुलांपासून लांब, आणि नंतर साबणाने हात. बाकावर खाणंपिणं नाही. चहासुद्धा नाही, हे मला सगळ्यात जड गेलं.

साइझिंग. पहिली डाय पुंगळी मापात आणते आणि जुना प्रायमर पाडते.

तोंड फुलवणं. दुसरी डाय तोंड किंचित बाहेर वळवते, गोळी सरळ बसावी म्हणून. जेमतेम दिसेल इतकंच. जास्त फुलवलं की पुंगळी लवकर चिरते.

प्रायमर. बोट फिरवल्यावर तो बुडाच्या किंचित आत लागला पाहिजे. वर राहिला तर सिलेंडर फिरताना अडतो, आणि अडलेलं सिलेंडर जोर लावून फिरवणं हा मूर्खपणा आहे. प्रायमर कधीही बरणीत ओतून ठेवू नका; एक उडाला तर सगळे उडतात. मूळ डबीतच ठेवा. एक खास गोष्ट: .४५४ कसूलला छोटा रायफल प्रायमर लागतो, .४४ ला मोठा पिस्तुलाचा. दोन्ही भरत असाल तर डब्या वेगळ्या फळीवर.

दारू. बाकावर एका वेळी एकच डबा. दुसऱ्याचं झाकणसुद्धा उघडं नको. इथे दोन उलट्या धोक्यांची गोष्ट आहे. हलक्या काडतुसासाठी लागणारी झटपट जळणारी दारू इतकी कमी असते की मोठ्या पुंगळीत चुकून दोनदा पडली तरी बाहेर सांडत नाही. आणि दुप्पट दारू म्हणजे रिव्हॉल्व्हर फुटणं. एच११० किंवा डब्ल्यू२९६ सारखी सावकाश दारू (ही दोन्ही खरं तर एकच, डबे वेगळे) पुंगळी भरून टाकते, दुप्पट झाली तर लगेच सांडते. पण ती कमी करायची नसते. हॉजडन कंपनी स्वतः बजावते की छापील आकड्यापेक्षा ३ टक्क्यांहून जास्त खाली येऊ नका. नीट पेटत नाही, गोळी नळीत अडकू शकते. "जरा हलकं करू" म्हणून ही दारू कमी करणारा नवशिका मी पाहिलाय. हलकं हवं तर दारूच वेगळी घ्यायची.

माझी चूक सांगतो. रविवारची सकाळ, ब्लॉकमध्ये ५० पुंगळ्या, निम्म्यांत दारू पडलेली, आणि सांगलीहून आईचा फोन. "काय करतोयस?" मी सहज म्हणालो, "दारू मोजतोय." पलीकडे शांतता. मग पुढची वीस मिनिटं कुठली दारू हे समजावण्यात गेली. फोन ठेवून परत बसलो, जिथे थांबलो होतो असं वाटलं तिथून सुरू केलं, आणि एक पुंगळी कोरडीच राहिली. पुढच्या शनिवारी रेंजवर चौथ्या बाराला धडाड न होता नुसतं 'फट्' झालं. मी घोडा परत चढवणार, तेवढ्यात शेजारच्या लेनवाला ओरडला. एकट्या प्रायमरने गोळी ढकलून नळीत तीन इंच आत नेऊन बसवली होती. पाचवी झाडली असती तर नळी गेली असती, कदाचित बोटंही. पितळी सळईने ठोकून काढायला अर्धा तास लागला.

तेव्हापासून फोन दुसऱ्या खोलीत. आणि गोळ्या बसवण्याआधी ब्लॉक बाकावर ठेवून वरून टॉर्च मारतो, पन्नासही पुंगळ्यांत एकाच पातळीचा काळा दिसला पाहिजे. एखादी वर-खाली दिसली तर ती ओतून परत मोजायची. वेळ लागतो दोन मिनिटं.

गोळी बसवणं आणि क्रिंप. गोळीच्या कमरेला खाच असते, तिच्यात पुंगळीचं तोंड आत वळवायचं, हाच क्रिंप. जड काडतुसात क्रिंप घट्टच हवा. कारण झटक्याने रिव्हॉल्व्हर मागे येतं, आणि बाकी घरांतल्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकू लागतात. एखादी सिलेंडरच्या पुढे डोकावली की सिलेंडर जाम. तपासायची रीत: सहा काडतुसं भरा, सहाव्याची लांबी कॅलिपरने मोजून लिहा, पाच झाडा, सहावं काढून परत मोजा. वाढली असेल तर क्रिंप सैल आहे.

लेबल. प्रत्येक डब्यावर दारू, वजन, गोळी, प्रायमर, तारीख. ओळख पटत नसेल ते काडतूस झाडायचं नाही, पुलरने सोडवायचं.

.४५ कोल्ट घेतलेल्यांना एक वेगळा इशारा. मॅन्युअलमध्ये त्याची दोन प्रकरणं असतात: एक १४,००० पीएसआयचं, सगळ्या रिव्हॉल्व्हरांसाठी, आणि एक 'फक्त रूगर' वगैरे मथळ्याचं. दुसऱ्यातलं काडतूस जुन्या कोल्टमध्ये किंवा तिच्या नकलेत बसतं अगदी आरामात. झाडलं की फुटतं. घरात दोन्ही रिव्हॉल्व्हरं असतील तर दुसऱ्या प्रकरणाला हातच लावू नका.

दारूचा डबा मूळ डबाच, थंड कोरड्या जागी. भाड्याच्या घरात राहत असाल तर करारात आणि तिथल्या अग्निशमन नियमांत काय लिहिलंय ते आधी वाचा.

७. कागदी बशी

सहा इंची कागदी बश्यांचं पाकीट आणा, वाढदिवसाच्या केकला घेतो त्या. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग याहून थोडा मोठा असतो. दहा यार्डांवर बशी लावा, उभ्याने किंवा मांडी घालून, टेबलाचा टेकू न घेता, सहा बार. सहाही बशीत? मग पंधरा. मग वीस. ज्या अंतरावर एक बाहेर गेली, त्याच्या अलीकडचं अंतर तुमचं. .४४ चं नव्हे, तुमचं. पहिल्या मोसमाला माझं २५ यार्ड होतं. आज ५० आहे, आणि थंडीत हातमोजे घालून ४०.

हा हिशेब रेंजवर गरम झाल्यावर करू नका. गाडीतून उतरल्यावरचा पहिला बारच मोजा. हरीण दुसरा देत नाही.

८. गन वीक

थँक्सगिव्हिंगनंतरच्या (हा नोव्हेंबरच्या शेवटाकडचा सण) सोमवारी हरणांचा बंदुकीचा आठवडा सुरू होतो. अर्धं ऑफिस त्या दिवशी 'आजारी' असतं. सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत बार चालतो. केशरी जाकीट किंवा बंडी सगळ्यांना सक्तीची.

खाजगी शेतात जायचं तर मालकाची लेखी परवानगी खिशात हवी. तोंडी "ये रे" पुरत नाही. सप्टेंबरमध्येच जाऊन भेटा, हातात चिवड्याचा डबा घेऊन. माझी आजची दोन्ही शेतं त्या डब्याची कमाई आहेत. सरकारी जमिनीत वेन नॅशनल फॉरेस्ट मोठं आहे, दक्षिण-पूर्वेच्या डोंगरात, आणि झाडी दाट असल्याने तिथे लांबचा बार नसतोच. रिव्हॉल्व्हरला तेच हवं.

गोळी कुठली? पोकळ टोकाची, तांब्याच्या कवचाची चालते. मी कठीण ओतीव शिशाची, सपाट टोकाची वापरतो. ती आरपार जाते, दोन भोकं पडतात, रक्ताचा माग जमिनीवर नीट सांडतो. हरीण पूर्ण आडवं उभं असताना, किंवा जरा पाठमोरं तिरकं, पुढच्या पायाच्या मागे एक तृतीयांश उंचीवर. समोरून नाही, पळतं नाही, मागून तर नाहीच. माझी दोन वर्षं नुसतं बघण्यात गेली. एकदा साठ यार्डांवर मोठा नर दहा मिनिटं उभा होता. घोडा चढवला आणि हळूच उतरवला. (सिंगल अॅक्शनचा घोडा गार बोटांनी उतरवायचा सराव घरी, रिकाम्यावर, शंभरदा करा.)

९. हरीण पडल्यावर

लगेच धावू नका. पडलेलं दिसलं नाही तर अर्धा तास बसून राहा. दाबलं नाही तर ते जवळच झोपतं. सापडलं की जागेवरच टॅग भरायचा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत ऑनलाइन किंवा फोनवर नोंद. शिंगवाला नर वर्षाला एकच, कुठल्याही हत्याराने मारला तरी.

मॅरियन, वायंडॉट, हार्डिन काउंटीच्या बाजूला असाल तर हरणांच्या सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) या जीवघेण्या रोगासाठी वेगळे नियम आहेत, डोक्याचा नमुना तपासायला द्यावा लागू शकतो.

पोट उघडायला पहिल्यांदा कुणाला तरी सोबत न्या. नाहीतर सरळ प्रोसेसरकडे, म्हणजे शिकार कापून देणाऱ्या खाटकाकडे टाका. मटण अगदी रुक्ष असतं, चरबी नाही. कोल्हापुरी मसाल्यात कुकरच्या तीन शिट्ट्या जास्त द्या आणि वरून तूप सोडा. गोळीच्या वाटेच्या आजूबाजूचं मांस सढळ हाताने कापून टाका, त्यात शिसं असतं. विकता येत नाही. घरात कुणी खात नसेल तर 'फार्मर्स अँड हंटर्स फीडिंग द हंग्री' ही संस्था गरजूंसाठी घेते.

१०. गावी जायच्या आधी

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, आणि काडतुसं घरी भरणं विनापरवाना दारूगोळा बनवणं ठरतं. इथलं कौशल्य इथेच राहू द्या. पण खरा धोका त्याहून किरकोळ वस्तूचा आहे. रेंजला नेलेल्या बॅगेच्या कोपऱ्यात राहिलेलं एक काडतूस मुंबई किंवा पुण्याच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि सुट्टी पोलिस ठाण्यात जाते. रिकाम्या पुंगळीवरूनही चौकशी होते. मुलांनी खेळायला घेतलेल्या असतात, त्या त्यांच्या दप्तरात निघतात.

रेंजची बॅग रेंजचीच ठेवा, प्रवासाला कधीही नाही. जाकीटही तेच. निघायच्या आदल्या रात्री मी सगळे खिसे उलटे करतो, बॅगांची अस्तरं चाचपतो. गेल्या डिसेंबरमध्ये एक सापडलं, चार वर्षांपूर्वीच्या मोसमातलं, मुलाच्या जुन्या स्नोपँटच्या खिशात.